सगळं जळाल्यावर पुन्हा उगवतं ते कुठून?

घाटवाट
रविवार, रात्री ९.१२

गेल्या शनिवारी आंबेनळी घाटातून पोलादपूरला उतरत होतो. पावसात कुठे कुठे दरड सरकलेली, त्यामुळे डोंगराचा ताजा काप उघडा पडलाय. चहाला गाडी थांबवली तर समोर काळ्या कातळात एक तांबडी रेघ. हातभर जाडीची, पट्टीने ओढावी तशी आडवी, आणि वळणापलीकडच्या कड्यावरही तीच पुढे गेलेली. या घाटाने शंभर वेळा गेलो असेन. रेघ कधी दिसलीच नव्हती असं नाही, पण विचारावंसं वाटलं नव्हतं.

घरी आल्यावर शोधलं. खालचा काळा दगड म्हणजे एक लाव्हा, वरचा म्हणजे नंतर कधीतरी आलेला दुसरा. मधली तांबडी रेघ म्हणजे खालच्या दगडाची झालेली माती, वरच्या लाव्हाने भट्टीतल्या विटेसारखी भाजलेली. मग डोक्यात किडा शिरला. माती झाली म्हणजे तिच्यात काहीतरी उगवलं असणार. ते जळालं. मग परत माती, परत उगवलं, परत जळालं. एकट्या त्या घाटात अशा किती रेघा असतील? आणि हे सगळं साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचं, म्हणजे डायनोसॉर गेले त्याच सुमाराचं.

तर प्रश्न असा, की इतक्या मोठ्या उलथापालथीतून जीवसृष्टी सावरते का? दरवेळी सावरते का? किती वेळ घेते? इथे जाणकार आहेत म्हणून विचारतोय. जरा सोपं करून सांगा, मी कॉमर्सवाला आहे.

खवचट
रविवार, रात्री ९.३०

सावरते. पुरावा: तुम्ही घाटात चहा पीत होतात. धागा संपला, कुलूप लावा. :)

ठेचा
रविवार, रात्री ९.५१

खवचटभाऊ, कुलूप नका लावू. मी रुमाल टाकून ठेवतो, उद्या ड्युटीवरून आल्यावर लिहितो. आमच्या चंद्रपूरकडे या विषयाचा माल भरपूर आहे.

मुरूम
सोमवार, सकाळी ७.०५

घाटवाट, नोकरीभर भूजलाचं काम केलं. विहिरी आणि बोअर बघण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे या तांबड्या थराशी जुनी ओळख आहे.

आधी एक दुरुस्ती. तो रंग मुख्यतः भाजल्यामुळे आलेला नाही. उघडा पडलेला दगड हवापाण्याने कुजला, त्यातलं लोखंड गंजलं, म्हणून तांबडा. वरच्या लाव्हाने थोडंफार भाजलं असेल, पण विटेची उपमा जास्त होते. भूशास्त्राच्या पुस्तकांत याला 'रेड बोल' म्हणतात. आमच्या लेखी त्याचा अर्थ 'मध्ये बराच काळ काही घडलं नाही' एवढाच. म्हणजे लाव्हाच्या दृष्टीने काही नाही, बाकीच्यांच्या दृष्टीने बरंच.

आपण ज्या दगडावर घरं बांधलीत त्याचा पसारा आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. किल्लारीला भूकंपानंतर बोअर घेतली तेव्हा ३३८ मीटर बेसाल्ट (हाच तो काळा दगड, थिजलेला लाव्हा) लागला. कोयनेकडे तोच सुमारे ९३० मीटर, आणि त्याखाली मग ग्रॅनाइट. हे एका दमात आलेलं नाही, थरावर थर साचत आलंय. तांबड्या थरांत झिरकॉन नावाच्या खनिजाचे बारीक स्फटिक सापडतात. त्यांच्यावरून आणि खुद्द बेसाल्टवरून वय काढलं तर यातला बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांच्या आतबाहेर ओतला गेलाय. मेक्सिकोतल्या चिक्शुलुबची उल्का याच काळात कधीतरी पडली. लाव्हा तिच्याआधी जास्त आला की नंतर, यावर २०१९ च्या फेब्रुवारीत एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन गटांचे निबंध आले. एकाचं म्हणणं, मोठा लोंढा उल्केच्या थोडासाच आधी. दुसऱ्याचं म्हणणं, जवळजवळ तीन चतुर्थांश लाव्हा उल्केनंतर. डायनोसॉर कुणी मारले या भांडणात मी पडत नाही. बहुसंख्य लोक उल्केकडे बोट दाखवतात एवढं सांगतो.

आता मूळ मुद्दा. मध्ये उगवलं होतं का? उगवलं होतं, आणि पोहतही होतं. दोन लाव्हांच्या मधल्या काळात खोलगट जागी तळी साचली, त्यांचा गाळ पुढच्या लाव्हाखाली जपला गेला. नागपूरजवळ टाकळीला अशा गाळातून स्टीफन हिस्लॉप यांनी १८५० च्या दशकात गोगलगायी, मासे, बिया, फळं गोळा केली. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. मुंबईत वरळीच्या टेकडीत तर चिमुकल्या बेडकांचे सांगाडे मिळाले, रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचं वर्णन केलंय. (मुंबईचे थर घाटातल्यांपेक्षा जरा नंतरचे, पण प्रकार तोच.) खाली आग होऊन गेलेली, वर आग येणार, आणि मध्ये बेडूक.

पण एक ध्यानात घ्या. थंड झालेल्या लाव्हातून बेडूक निघत नाही. तो कुठून तरी यावा लागतो. लाव्हा एका वेळी सगळा देश व्यापत नव्हता. कडेला रान होतं, नद्या होत्या. तिथून सगळं सरकत आलं.

घाटवाट
सोमवार, सकाळी ८.२०

म्हणजे शेजार लागतो. सोसायटीत पाणी गेलं तर शेजारच्या बिल्डिंगमधून पाइप टाकतात तसं?

मुरूम
सोमवार, सकाळी ८.२६

अगदी. आता शेजारच्या बिल्डिंगचंही पाणी गेलं तर काय, हा पुढचा प्रश्न.

तिरफळ
सोमवार, दुपारी ३.४०

मुरूमकाका, तुमच्या बेडकाला जोड देते. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, पण हा बेडूक माझा लाडका आहे.

केरळात इडुक्कीकडे जांभळा बेडूक सापडतो, नासिकाबॅट्राकस सह्याद्रेन्सिस. एस. डी. बिजू आणि फ्रँकी बॉस्युट यांनी २००३ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. फुगलेल्या बटाट्याला डुकराचं नाक लावावं तसं ध्यान. वर्षभर जमिनीखाली वाळवी खात पडून असतो, वळवाच्या सुमाराला थोडे दिवस वर येतो, अंडी घातली की परत गाडून घेतो. याचे सगळ्यात जवळचे नातेवाईक कुठे असावेत? सेशेल्स बेटांवर. भारत आणि सेशेल्स एकाच भूखंडाचे तुकडे होते तेव्हापासूनची ही भाऊबंदकी. म्हणजे आपल्याकडे लाव्हा ओतला जात होता, तिकडे उल्का पडली, आणि या घराण्याचा कुणीतरी पूर्वज दक्षिणेत जमिनीत तोंड खुपसून बसला होता. तिथवर लाव्हा पोचलाच नाही. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला इतकी जुनी घराणी टिकली यात या गोष्टीचा वाटा आहे असं मला वाटतं.

शेजाराचं सगळ्यात नेटकं उदाहरण मात्र क्राकाटोआ, इंडोनेशियातलं ज्वालामुखीचं बेट. ऑगस्ट १८८३ मध्ये स्फोट झाला, बेटाचा मोठा भाग समुद्रात गेला, उरलेल्यावर राखेचा जाड थर. पुढच्या मे महिन्यात एक फ्रेंच मोहीम तिथे गेली. अख्ख्या बेटावर त्यांना काय सापडलं? एक कोळी. एकटा. जाळं विणत होता! खायला माशी नाही, कीटक नाही, आणि हा पठ्ठ्या जाळं विणतोय. कोळ्याची पिल्लं धाग्याला लटकून वाऱ्यावर कुठच्या कुठे जातात, तसाच तो आला असणार. स्फोटानंतर तीन वर्षांनी वनस्पतिशास्त्रज्ञ गेले तेव्हा नेचे आघाडीवर होते. त्यांचे बीजाणू धुळीसारखे उडतात. किनाऱ्यावर समुद्राने आणलेल्या बिया रुजल्या. उंबराच्या जातीची झाडं पक्ष्यांच्या आणि वटवाघळांच्या पोटातून आली. अर्ध्या शतकात दाट रान. पण जावा आणि सुमात्रा दोन्ही चाळीसेक किलोमीटरवर होती हे विसरायचं नाही.

नेच्यांचं एक गंमतशीर आहे. ६.६ कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉर गेले त्या सीमेवरच्या गाळात, बऱ्याच ठिकाणी उल्केच्या थराच्या लगेच वर परागकण जवळजवळ गायब आणि नेच्यांचे बीजाणूच बीजाणू. क्राकाटोआचीच गोष्ट, फक्त पृथ्वीएवढ्या पाटीवर लिहिलेली. पावसाळ्यात घाटातल्या नव्या कापावर पहिलं हिरवं काय येतं ते बघा एकदा.

पोर्टलँडकर
सोमवार, रात्री ११.१५ (आमची सकाळ)

वाचतोय. घाटवाट, धागा मस्त चाललाय.

आमच्या घरापासून दोनेक तासांवर माउंट सेंट हेलेन्स आहे. पाहुणे आले की आम्ही तिथे नेतो, जसं तुम्ही महाबळेश्वरला नेता. १८ मे १९८० ला सकाळी डोंगराची उत्तर बाजू घसरली आणि ज्वालामुखी वरच्या दिशेला न फुटता आडवा फुटला. ५७ माणसं गेली. सुमारे ६०० चौरस किलोमीटर रान आडवं झालं. आजही कडेच्या डोंगरांवर झाडांचे पांढरे ओंडके एकाच दिशेला तोंड करून पडलेले दिसतात, कंगवा फिरवल्यासारखे.

तिथल्या माहिती केंद्रात ऐकलेली आणि नंतर वाचून खात्री केलेली गोष्ट सांगतो. शास्त्रज्ञांना आधी वाटलं होतं की जीवन कडेकडून हळूहळू आत सरकेल. तसं थोडंच झालं. कितीतरी गोष्टी आतच टिकल्या होत्या. मे महिना असल्याने उंचावर बर्फ होता, त्याखाली लहान रोपं वाचली. गोठलेल्या तळ्यांखाली बेडूक वाचले. आणि गोफर नावाचा घुशीसारखा बिळं करणारा प्राणी जमिनीखाली होता तो वाचला. हा गोफर शेतकऱ्यांचा शत्रू. पण इथे त्याने बिळं उकरताना राखेखालची जुनी माती वर आणली, तिच्याबरोबर बुरशी आणि जिवाणू वर आले. ते बघून १९८३ मध्ये शास्त्रज्ञांनी राखेच्या दोन तुकड्यांवर मुद्दाम गोफर सोडले, तेही एकच दिवस. त्या एका दिवसाच्या खोदकामाचा परिणाम तिथल्या मातीतल्या बुरशीत चाळीस वर्षांनीही मोजता आला.

दुसरा हिरो ल्युपिन. शेंगवर्गातलं जमिनीलगत वाढणारं रोप, निळी-जांभळी फुलं. उजाड पठारावर १९८१ लाच उगवलेलं सापडलं. मुळांवरच्या गाठी हवेतला नायट्रोजन धरतात, त्यामुळे खत स्वतःच बनवतो. मुलीला म्हटलं, हा आपल्या तुरीचा चुलतभाऊ. तिने आजीला फोटो पाठवून विचारलं की याची आमटी होते का.

खवचट
मंगळवार, सकाळी १०.०२

बघा, सगळे मिळून माझंच म्हणणं सिद्ध करताय, फक्त लांबून. क्राकाटोआ सावरलं, सेंट हेलेन्स सावरलं, हिरोशिमात अणुबॉम्बनंतर कण्हेर फुलली आणि आज ते त्या शहराचं अधिकृत फूल आहे. आजवर होऊन गेलेल्या प्रजातींपैकी ९९ टक्क्यांहून जास्त नष्ट झाल्यात. निसर्गाला त्याचं काही सुतक नाही. मग रोज उठून 'पृथ्वी वाचवा' म्हणून छाती कशाला पिटायची? पृथ्वीला काही होत नाही. झालं तर आपलं होईल. (दिवे घ्या.)

तिरफळ
मंगळवार, सकाळी १०.३०

कण्हेर फुलली कारण हिरोशिमाच्या बाहेर जपान शाबूत होता. आणि मुळं जमिनीखाली जिवंत राहू शकली. परत शेजारच.

ठेचा
मंगळवार, रात्री ८.४५

आलो. खवचटभाऊ, दिवे घेतले, आता कोळसा घ्या.

मी चंद्रपूरचा, कोळशाच्या पट्ट्यातला. आमच्या खाणीत जो कोळसा निघतो तो पर्मियन काळातला, म्हणजे डायनोसॉरच्याही आधीचा. ग्लॉसोप्टेरिस नावाच्या झाडांची रानं होती, जिभेसारखी लांबट पानं. दगडाच्या पाटीवर पानाची मधली शीर आणि जाळी इतकी साफ उमटलेली असते की आत्ताच वहीत दाबून ठेवलंय असं वाटावं. लहानपणी आम्ही खेळायला आणत होतो, कोणाला माहीत काय आहे ते! हीच पानं भारतात, ऑस्ट्रेलियात, आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत आणि अंटार्क्टिकावरही सापडतात. म्हणजे रान काही लहानसहान नव्हतं. दक्षिणेकडचे अर्धे खंड त्याच्याखाली होते.

२५.२ कोटी वर्षांपूर्वी सैबेरियात लाव्हा फुटला. आपल्या दख्खनचाच मोठा भाऊ. फरक असा की तो खालच्या कोळशातून आणि मिठाच्या थरांतून वर आला, ते सगळं पेटलं, आणि हवेत कार्बन डायऑक्साइड आणि बाकीचा विषारी धूर गेला. विषुववृत्ताजवळ समुद्राचं पाणी चाळीस अंशांच्या आसपास तापलं होतं असा अंदाज आहे. समुद्रातल्या दहापैकी आठ-नऊ प्रजाती गेल्या. ग्लॉसोप्टेरिस गेलं. ते परत आलंच नाही, कुठेच.

आता ऐका. त्याच्यानंतर जवळपास एक कोटी वर्षं जगात कुठंच कोळसा तयार झाला नाही. एक कोटी वर्षं, भाऊ! कोळसा व्हायला दलदलीत दाट रान लागते. ते रानच नव्हतं. प्रवाळाचे खडकही तसेच गायब. शेजार कुठून आणता? सगळीच आळी जळाली होती.

आणि जे उरलं ते काय? लिस्ट्रोसॉरस. डुकराएवढा, चोच आणि दोन सुळे असलेला प्राणी. बंगालात राणीगंजकडे सापडतो, दक्षिण आफ्रिकेत सापडतो, अंटार्क्टिकावर, चीनमध्ये, रशियात. जिकडे पाहावं तिकडे तोच. दिसायला जीवसृष्टी हिरवीगार सावरली म्हणा, पण ताटात रोज एकच भाजी.

तिरफळ
मंगळवार, रात्री ९.०५

:) आणि आपल्याकडची आजची भाजी: गाजरगवत, घाणेरी, कावळे, कबुतरं. पुण्यात गाजरगवत १९५० च्या दशकात पहिल्यांदा नोंदलं गेलं, आता रस्त्याकडेला दुसरं काही ओळखूच येत नाही. माझे विद्यार्थी क्षेत्रभेटीला त्यालाच 'हिरवळ' म्हणतात.

सूक्ष्म
मंगळवार, रात्री ११.५०

उशिरा आलो. मी सूक्ष्मजीवांवर काम करतो, त्यामुळे तुमच्या डायनोसॉर-बेडकांबद्दल फारसा जिव्हाळा नाही. :)

जीवन पूर्ण पुसलं जाणं फार अवघड आहे यावर मी खवचटांच्या बाजूचा. आपलंच लोणार बघा. १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, पाणी खारट आणि इतकं अल्कधर्मी की मासे जगत नाहीत. तरी ते पाणी सूक्ष्मजीवांनी गच्च भरलेलं आहे. जून २०२० मध्ये तळं गुलाबी झालं तेव्हा सगळीकडे चमत्कार-चमत्कार झालं. मिठात रमणारे, लालसर रंगद्रव्य बाळगणारे हॅलोआर्किया वाढले होते इतकंच. दुसरं, कोयना भागात भूकंपाच्या अभ्यासासाठी बोअर घेतल्या, त्यांतल्या दीडेक किलोमीटर खोलीपर्यंतच्या खडकांत सूक्ष्मजीवांच्या खुणा मिळाल्या. सूर्यप्रकाश नाही, हवा नाही. वर उल्का पडो की अणुयुद्ध होवो, यांना बातमीसुद्धा कळणार नाही. ७० कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास पृथ्वी जवळजवळ विषुववृत्तापर्यंत गोठली होती, तीही कोट्यवधी वर्षं. त्यातूनही जीवन निघालंच.

पण 'आजवर दरवेळी सावरली म्हणून पुढेही सावरेल' हा तर्क मला पटत नाही. दर्याला गेलेल्या शंभर होड्यांतली एक परत आली आणि तिचा तांडेल म्हणाला की या समुद्रात कुणी बुडत नाही, तर ऐकणार का? बुडालेल्यांना विचारायची सोय नाही. ज्या ग्रहावर सावरलं नाही तिथे असा धागा काढायला कुणी उरलेलं नसतं. मंगळावर एके काळी पाणी वाहत होतं, आज काय आहे बघा. आणि अगदी लांबचं म्हणाल तर सूर्य दर १०० कोटी वर्षांना साधारण दहा टक्क्यांनी प्रखर होतोय. तिथे शेजार-बिजार चालत नाही. असो, तो आपला प्रश्न नाही.

खवचट
बुधवार, सकाळी ९.१०

होडीचं उदाहरण आवडलं. बाद झालो असं नाही, पण पायचीतचं अपील जोरात होतं.

बरं, मग उल्केनंतर किती वेळ लागला? ठेचा यांची एक कोटी वर्षं हा सगळ्यात वाईट नमुना झाला. सरासरी सांगा.

मुरूम
बुधवार, दुपारी १२.३०

सरासरी काढण्यात अर्थ नाही. पावसाची सरासरी सांगून विहिरीला पाणी लागत नाही, हे मी तीस वर्षं लोकांना सांगत आलो. 'कशाला किती वेळ' असं विचारा.

उल्का दहाएक किलोमीटरची, विवर साधारण १८० किलोमीटर व्यासाचं. म्हणजे लोणारच्या शंभरपट रुंद. २०१६ मध्ये त्या विवरातच समुद्रतळाला छिद्र पाडून खडकाचा गाभा (लांब दांड्यासारखा नमुना) काढला. त्यात काय दिसलं, तर जिथे उल्का पडली त्याच खड्ड्यात काही वर्षांतच छोटे जीव परत आले होते आणि ३० हजार वर्षांत भरभरून वाढणारी परिसंस्था उभी होती. उलट त्यापासून लांबच्या काही समुद्रांना तीन लाख वर्षं लागली. म्हणजे घाव जिथे बसला तिथेच सगळ्यात उशीर, असंही नाही. हे मला स्वतःला अजून पचलेलं नाही.

जमिनीवरचा उत्तम हिशोब अमेरिकेतल्या कोलोरॅडोचा, कोरल ब्लफ्स नावाच्या टेकड्यांमधला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. उल्केनंतर तिथे उरलेले सस्तन प्राणी फार तर घुशीएवढे. लाखभर वर्षांत मांजरापेक्षा थोडे मोठे. तीन लाखांत बीव्हरएवढे, म्हणजे साधारण मध्यम कुत्र्याएवढे. सात लाख वर्षांच्या सुमाराला चाळीस-पन्नास किलोचे प्राणी, आणि नेमके त्याच थरांत शेंगवर्गातल्या झाडांचे जीवाश्म. प्राणी वाढले ते झाडं वाढली म्हणून. आधी नेचे, मग ताडकुळातली झाडं, मग अक्रोडाच्या भावकीतली, मग शेंगा. पायरीपायरीने. पोर्टलँडकरांचा ल्युपिन आठवला ना? शेंगा दोन्हीकडे आहेत. पण एकीकडे एका वर्षात आणि दुसरीकडे सात लाख वर्षांत, कारण एकीकडे ल्युपिन डोंगरापलीकडे तयार उभा होता आणि दुसरीकडे तसल्या शेंगेची आधी घडण व्हायची होती.

दोन वेगळ्या गोष्टींना आपण 'सावरणं' हा एकच शब्द वापरतोय. शेजारून येणं दशकांचं काम. नव्याने घडणं लाखो वर्षांचं.

घाटवाट
बुधवार, दुपारी १२.५५

हे कॉमर्सच्या भाषेत सांगतो, चुकलं तर सुधारा. पहिलं म्हणजे उसनवारी, दुसरं म्हणजे नवा धंदा काढून भांडवल उभं करणं. उसनं द्यायला कुणी उरलं नाही तर दुसराच रस्ता.

मुरूम
बुधवार, दुपारी १.१०

आमच्या खात्यात तुमच्यासारखे हिशेबनीस असते तर अहवाल वाचनीय झाले असते.

तिरफळ
बुधवार, रात्री ८.००

खवचट, तुमच्या 'छाती कशाला पिटायची' याला उत्तर द्यायचं राहिलं होतं.

माझं माहेर रायगड जिल्ह्यातलं. लहानपणी मेलेलं गुरं गावाबाहेर माळावर टाकायचे. दोन तासांत वर घिरट्या सुरू, आणि संध्याकाळपर्यंत हाडं साफ. इतकी गिधाडं असायची की त्यांची भीती वाटायची. ती सगळी दहा-पंधरा वर्षांत गेली. उल्का नाही, लाव्हा नाही. गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक, ते मेलेल्या गुरातून गिधाडाच्या पोटात जायचं आणि मूत्रपिंडं निकामी व्हायची. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची देशातली संख्या १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ९९ टक्क्यांहून जास्त घटली. २००६ मध्ये गुरांसाठी या औषधावर बंदी आली.

कारण सापडलं, बंदी आली, वीस वर्षं होत आली. म्हणजे आतापावेतो सावरायला हवीत ना? जोडी वर्षाला एकच अंडं घालते. पिल्लू वयात यायला पाचेक वर्षं. म्हसळा-श्रीवर्धनकडे थोडी घरटी टिकली, तिथे लोकांनी जपलीत. बाकी माळ रिकामे. इथे उसनं द्यायलाही मागे कुणी फारसं उरलेलं नाही.

क्राकाटोआला जावा-सुमात्रा होती. आपण करतोय ते उलट. राई तोडतो, मग तिच्या शेजारची राई तोडतो. एक देवराई जळली तर पूर्वी पलीकडच्या डोंगरावरून उंबर यायचा, आता मध्ये आठ किलोमीटर प्लॉटिंग आहे. कोटी वर्षांनी काय होईल यात मला खरंच रस नाही. माझ्या नातीला गिधाड दिसेल का, एवढाच माझा प्रश्न आहे.

खवचट
बुधवार, रात्री ८.४०

ताई, इथे खवचटपणा करायला जागा ठेवली नाहीत. मान्य. 'पृथ्वीला काही होत नाही' हे वाक्य मागे घेत नाही, पण ते म्हणून मिशा पिळायचं कारण नाही हे मान्य.

ठेचा
बुधवार, रात्री ९.२०

वातावरण फारच गंभीर झालं, म्हणून एक आमच्याकडची गोष्ट टाकतो.

वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथे शेतात डायनोसॉरचं दगड झालेलं शेण सापडते. हसू नका, खरंच. २००५ मध्ये लखनौच्या संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि इतरांनी त्या शेणाची तपासणी केली, तर आत गवताचे सूक्ष्म कण निघाले. गवताच्या पानात वाळूसारखे कण असतात, ते कुजत नाहीत आणि जातीप्रमाणे त्यांचा आकार वेगळा असतो. किमान पाच प्रकारचं गवत होतं. भात आणि बांबू यांच्या भावकीतलंही. तोपर्यंत जगभर समजूत अशी की गवत डायनोसॉर गेल्यानंतर कधीतरी आलं. वरोऱ्याच्या शेणाने ती खोटी पाडली.

म्हणजे बघा, ते प्रचंड प्राणी गेले, ज्यांनी ते गवत खाल्लं. पायाखालचं गवत मात्र लाव्हातून आणि उल्केतून निभावलं. त्याच कुळातली पुढे ज्वारी झाली, गहू झाला, तांदूळ झाला. मी रोज जी भाकर खातो तिची मूळ पुंजी तिथली. जेवणारे बदलले फक्त.

सूक्ष्म
बुधवार, रात्री ९.३२

आणि ते शेण पचवायला पोटात सूक्ष्मजीव होते हे कुणी लिहिणार नाही. ठीक आहे.

पोर्टलँडकर
गुरुवार, सकाळी ६.४०

ठेचा, हा प्रतिसाद मुलीला वाचून दाखवला. आता पुढच्या भारतभेटीत तिला आंबेनळी नको, पिसदुरा बघायचंय. तिकडे राहायची सोय काय आहे?

ठेचा
गुरुवार, सकाळी ७.१५

आमचं घर आहे ना. फक्त मे महिन्यात येऊ नका, डायनोसॉरही टिकला नसता.

घाटवाट
गुरुवार, रात्री १०.०५

सगळ्यांचे आभार. एक चहा आणि एक रेघ, एवढ्यावरून इतकं निघेल असं वाटलं नव्हतं.

मुरूमकाका, शेवटचं एक. रविवारी मुलाला घेऊन परत त्या घाटात जाणार आहे. जवळून बघायचा तर तो थर कुठे नीट दिसेल? आणि त्यातली माती थोडी खरवडून आणली तर चालेल का? सोबत भिंग नेतोय.

मुरूम
गुरुवार, रात्री १०.४०

खरवडायला हातोडी लागणार नाही, नखाने निघते. पण त्या थराच्या बरोबर खाली उभे राहू नका. तो मऊ असतो, वरच्या दगडाचं पाणी त्याच्यावर येऊन अडतं, आणि पावसाळ्यानंतर दरड बऱ्याचदा तिथूनच सुटते. तुमचा तो 'ताजा काप' तसाच पडलेला असणार. वळणावर गाडी लावू नका, पुढे रुंद जागा बघा. सकाळी दहाच्या आत जा, पूर्वेच्या उन्हात रंग उठून दिसतो.

मातीत एखादं पांढरं बारीक नळीसारखं काही दिसलं तर फोटो काढून इथे टाका. जुन्या मुळांच्या जागा असू शकतात. नसतीलही.